आमची उठायची रीत

नाव पुकारल्यावर मी गुडघ्यांवर तळहात ठेवून, मांड्या धरत धरत बाकावरून उठलो. दारातून डॉक्टर म्हणाले, "आजोबा, बसा. पुन्हा उठून दाखवा."

आजवरच्या डॉक्टरांनी फाइल चाळून, 'वय झालं' म्हणत गोळ्या दिल्या. यांनी फाइल उघडलीच नाही. "घरात आणखी कोण असं उठतं?"

"वडील, आत्या, आता मुलगाही. आमच्या घराण्याची रीतच आहे ती!" मी हसलो.

डॉक्टर हसले नाहीत. "हा स्नायूंचा आजार आहे, आजोबा. पिढ्यान्‌पिढ्या येतो."

सोबतच्या सुनेनं माझी बाही घट्ट धरली. "तात्या, आपली रेवा पण तशीच उठते. आपण टाळ्या पिटतो, आजोबांवर गेली म्हणून."

इतकी वर्षं चांगला डॉक्टर शोधून दमलो होतो. आज सापडला, आणि वाटलं, याचंही निदान चुकावं.