पासपोर्टाच्या मापाचा खिसा

कंपनी इक्बालला वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी आपल्या जर्मनीतल्या कारखान्यात पाठवत होती. व्हिसाचा शिक्का पडलेला पासपोर्ट घेऊन तो महाडला आला, तेव्हा अब्बा त्याच्या कोटाला बटणं लावत होते. बारा वर्षं त्यांनी कुवेतला शिंपीकाम केलेलं. “तिथं उतरल्यावर पासपोर्ट कुणाकडे द्यायचा रे?” “कुणाकडेच नाय, अब्बा. माझ्याजवळच राहणार.” “मालक ठेवून घेत नाय?” “नाय.” अब्बांचा पासपोर्ट कुवेतच्या मालकाच्या तिजोरीत असायचा. हातात मिळायचा तो फक्त गावी येताना. त्यांनी कोट परत मशीनवर घेतला, अस्तर उसवलं आणि छातीपाशी पासपोर्टाच्या मापाचा खिसा शिवला. पासपोर्ट त्यात अलगद बसला. इक्बालने कोटासाठी हात पुढे केला. “थांब जरा,” म्हणत अब्बांनी तो स्वतःच चढवला आणि छातीवर हात ठेवून बाजारातून पार एस्टी स्टँडपर्यंत फिरून आले.