कुंपणाबाहेरचा टोरवाल्ड

"दोरी ओरिनच्या हातात द्या," गुनहिल्ड म्हणाली, आणि कोंडवाड्याभोवतीची सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

मोंटानाच्या त्या खोऱ्यात वासरांना तापल्या लोखंडानं मालकाच्या खुणेचा डाग द्यायच्या दिवशी शेजारपाजार कामाला येतो. मजुरी कुणी मागत नाही, जेवण पोटभर असतं. घोड्यावरून वासरांना फास टाकायचा मान मात्र घरधनी देईल त्याचा. गुनहिल्डनं तो मान पोराला दिला, जावयाला दिला, एकदा हट्टानं पाद्र्यालाही दिला. शेजारच्या मॅडॉक्सांना, म्हणजे ओरिनच्या घराण्याला, कधीच नाही. त्यांना आवतणच नसायचं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा आजा टोरवाल्ड या खोऱ्यात आलेला पहिला माणूस. नॉर्वेहून आला, गवताच्या ढेकळांचं घर रचलं, पहिला हिवाळा कच्च्या बटाट्यांवर काढला. पंधरा वर्षांनी त्याचा डाग असलेली अकरा वासरं मॅडॉक्सांच्या गाईंना पिताना सापडली. ओरिनच्या आजानं चार माणसं गोळा केली आणि टोरवाल्डला नदीकाठच्या झाडाला लटकावलं. त्याला आता पासष्ट वर्षं झाली. थडगं अजून स्मशानाच्या कुंपणाबाहेर होतं, चोराचं म्हणून. आणि स्मशानाच्या समितीचा प्रमुख कोण, तर ओरिन मॅडॉक्स.

गुनहिल्डला एवढंच हवं होतं, आजा कुंपणाच्या आत यावा. पण हात पसरून मागून नाही. मॅडॉक्साच्याच तोंडून.

"गुनहिल्डबाई, रश्श्यात विष तर नाही ना घातलं?" घोड्यावर चढता चढता ओरिननं विचारलं.

"विष उंदरांनाच पुरत नाही. तुला कुठून घालू?"

माणसं हसली. म्हातारी मऊ पडली, असं एकजण दुसऱ्याला म्हणाला. अडुसष्टाव्या वर्षी पडायलाच हवं.

ओरिन सत्तरीचा, पण फास काही चुकला नाही. वासरू ओढून आणायचं, दोघांनी दाबून धरायचं, गुनहिल्डच्या पोरानं, आर्नेनं, तापलेली डागणी टेकवायची. चर्र व्हायचं, केस जळल्याचा वास सुटायचा. आयांपासून तोडलेली ती सगळी वासरं लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची, एकासारखं एक. कुंपणाबाहेर त्यांच्या आया अशा हंबरत होत्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

दुपार कलली तशी गुनहिल्ड पुढं आली.

"ओरिन, उतर खाली. पाठीला आराम दे. शेवटची थोडी राहिलीत, ती तुझ्या हातानं डाग. मान द्यायचा तर अर्धा कशाला?"

ओरिनचं तोंड फुललं. त्यानं आर्नेकडून डागणी घेतली. आर्ने हात पुसत घोड्यावर बसला आणि टेकडीकडे निघून गेला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

मग फाटक उघडलं. वासरू आपली आई चुकत नाही. धूळ उडाली, जे ते आपल्या आईच्या आचळाला भिडलं. पण शेवटची वासरं तिथं थांबलीच नाहीत. ती टेकडीकडे धावत सुटली. तिकडून आर्ने फुगलेल्या सडांच्या गाई हाकत आणत होता. त्यांच्या कुल्ल्यांवर मॅडॉक्सांचा डाग होता.

वासरं पिऊ लागली.

"मोज, ओरिन," गुनहिल्ड म्हणाली.

ओरिननं मोजलं. अकरा होती.

"गाई तुझ्या, वासरं तुझी. डाग माझा आणि हात तुझा. तीस माणसांनी बघितलंय. आता बोल, चोर कोण?"

"ही आत आली कशी?"

"आपल्या दोघांच्या रानांमधल्या कुंपणाकडे तोंड करून उभा राहा. उजव्या हाताचं अर्धं कुंपण राखायचं तुझ्याकडे, खरं ना? त्या अर्ध्यात तीन खांब एप्रिलपासून आडवे पडलेत. वासरं आली, गर्दीत मिसळली, तू डागलीस. तुला कळलं नाही. मग माझ्या आजाला कळलं असेल कशावरून? त्याला का टांगलं?"

ओरिननं डागणी खाली ठेवली, हॅट काढली.

"टांगायला नको होतं," तो म्हणाला. "असं नकळत होऊ शकतं. आज माझ्याच हातून झालं. रविवारी थडगं आत घेऊ. आमच्या आजानं निष्पाप माणूस मारला असेल."

"असेल नको. मारला म्हण."

"मारला."

एकेक करून सगळ्यांनी हॅट काढल्या. गुनहिल्डच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं एप्रनाला हात पुसले आणि म्हणाली, "चला, मांस गार होतंय."

लांब टेबलाशी तिनं ओरिनला मुद्दाम समोर बसवलं. त्याचा पडलेला चेहरा बघत तिनं दोनदा बटाटे वाढून घेतले. ओरिननं भाकरीचा तुकडा मोडला. मग आर्नेकडे वळला.

"पण पोरा, तुला मानलं. गाई वासरांपासून तोडून टेकडीमागं दाबून ठेवायच्या, वासरं आपल्या कळपात घालायची, आणि एवढ्या हंबरण्यात डाग उरकून घ्यायचा. मी आयुष्यभर गुरांत आहे, मला हे सुचलं नसतं."

"मी नाही, आईनं…" आर्ने म्हणाला.

"सोड रे. बाईमाणसाला गुरांतलं एवढं कुठलं कळायला?"

टेबलभर हशा पिकला. गुनहिल्डचा चमचा ताटावर आपटला.

"ह्या आर्नेला सुचेल? ह्याला स्वतःची टोपी सापडत नाही!" ती उठून उभी राहिली. "आमच्या घरातली विद्या आहे ही, ओरिन मॅडॉक्स! बारा वर्षांची होते तेव्हा आजीनं शिकवली मला. आणि तिला कुणी शिकवली, ठाऊक आहे? खुद्द टोरवाल्डनं!"