वाफेपलीकडे

खोल विहिरीतून उकळतं खारं पाणी वर यायचं. त्याच्या वाफेवर वीज बनायची आणि उरलेल्या पाण्यातून लिथियम निघायचं. विहीर बंद केली की दोन्ही थांबायचं, म्हणून मागे पाइप गळला तेव्हा प्लांटच्या साहेबांनी ती बंद करू दिली नाही आणि गळती काढायला गेलेला, तिथल्याच एका ऑपरेटर बाईचा नवरा होरपळून मेला. चौकशीत साहेब म्हणाले, "त्याचाच हलगर्जीपणा."

आज पाइप फुटला तेव्हा वाफेपलीकडे साहेब अडकले होते आणि कंट्रोल रूममध्ये ती होती.

"विहीर बंद कर!" ते वायरलेसवर किंचाळले.

"उत्पादन थांबेल, साहेब."

"अगं, मरेन मी इथे!"

"माझा नवराही हेच ओरडत होता. तेव्हा नको कोण म्हणालं?"

"मी! मीच म्हणालो! त्याची काही चूक नव्हती! आता तरी बंद कर, पाया पडतो तुझ्या!"

सगळ्या प्लांटने ते ऐकलं.

हळूहळू वाफ विरली. साहेब बाहेर आले.

"शेवटी दया आलीच ना, ताई?" शेजारचा ऑपरेटर म्हणाला.

"दया कसली! विहीर मी त्यांच्या पहिल्या हाकेलाच बंद केली होती. पाइपातली वाफ निघून जायला जो वेळ लागतो ना, तेवढा मला पुरला."