डाव्या पिळाचा दोर

ओकबुन बटाटे काढायला परसात आली, तर पेंढ्यानं झाकलेल्या वाफ्याभोवती दोर ताणलेला. डाव्या पिळाचा, मधेमधे कोळसे खोचलेला. घरात मुलगी जन्मली की परक्यांनी आत येऊ नये म्हणून दाराला बांधतात, तसाच.

शेजारच्या मालसुनचाच चावटपणा, असं पुटपुटत तिनं विळ्यानं दोर कापला.

"माझी बोटं बघ," कुंपणापलीकडून मालसुन म्हणाली. संधिवातानं तिची बोटं पार वाकडी झाली होती. "मला नाडी बांधता येत नाही, दोर काय वळणार? आणि तुझ्याकडे बाळंत व्हायला आहे कोण? तू आणि मांजर."

"मांजर म्हातारी झालीय."

"मग तूच असशील."

ओकबुन हसली आणि वाकून तिनं थोडा पेंढा सारला. या पद्धतीत खणावं लागत नाही. बटाटे मातीवरच, पेंढ्याखाली पोसतात. तिनं एक उचलला. तो अंगासारखा कोमट होता.

वारा पडलेला होता. तरी उरलेला पेंढा संथपणे वरखाली होत होता.

तिनं बटाटा होता तिथं ठेवला, पेंढा पांघरला, दोराची टोकं पुन्हा गाठ मारून जोडली.

"काय गं, नाही काढत?" मालसुननं विचारलं.

"हळू बोल," पेंढ्यावर थोपटत ओकबुन म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."