दोन छपरं

"जावयांना विचार, वर ते काय आहे?" मान वर करून न्यार-आलेगो म्हणाली.

जावई, म्हणजे ओडेरा, तिच्यापासून चार हातांवर उभा होता. त्याला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण आमच्यात सासू जावयाशी तोंडावर बोलत नाही, मधे मुलगी लागते. म्हणून अपोंडीने नवऱ्याकडे बघितलं, आणि ओडेरा बायकोकडे बघत म्हणाला, "पत्रे आहेत म्हणावं. खालचे कपडे भिजू नयेत म्हणून टाकलेत."

सोमवारी त्याला नैरोबीच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं, आणि शनिवारची दुपार झाली तरी घर ठरत नव्हतं. शहराच्या टोकाला, उतावालाला ऐसपैस घर मिळत होतं, मागे सासूपुरती वेगळी खोलीसुद्धा. पण तिथून डायलिसिसला जाऊन परत येईपर्यंत म्हातारी रस्त्यातच संपली असती. पाइपलाइन नावाच्या वस्तीत हॉस्पिटल जवळ, पण इमारत एकच. आणि मुलगी-जावई ज्या छपराखाली झोपतात, त्या छपराखाली आई झोपत नाही. मग वेगळा मजला चालेल का? पास्टर म्हणाले, खुशाल चालेल. थोरले काका फोनवर म्हणाले, दार वेगळं हवं. धाकटे म्हणाले, चूल वेगळी हवी. सात मजल्यांच्या इमारतीचं छप्पर नेमकं कोणाचं धरायचं, हे सांगणारा एकही म्हातारा अख्ख्या गावात निघाला नाही.

शेवटी ही जागा सापडली. बोळाच्या अल्याड एक इमारत, पल्याड दुसरी. पुढच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हे दोघं, मागच्या इमारतीत तळाला न्यार-आलेगो. हॉस्पिटल मटाटूच्या व्हॅनने दोन स्टॉप. अपोंडीने सातव्या महिन्याचं पोट सांभाळत आईची पिशवी खाली ठेवलीसुद्धा होती. तेवढ्यात आईने वर बघितलं.

दोन्ही इमारतींच्या छपरांना धरून मधे तीन पत्रे होते.

"अहो आई, लोक आल्या आल्या नळाला पाणी आहे का बघतात," इमारत सांभाळणारा मुथियानी म्हणाला. "छप्पर बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच. माझी सासू तर येते आणि माझ्याच पलंगावर घोरते. मी खाली चटईवर."

"या कांबा लोकांचं काही विचारू नकोस," न्यार-आलेगो लेकीला म्हणाली.

"आणि तरी आम्ही जिवंत आहोत, आई!"

"तिला सांग," ओडेरा बायकोला म्हणाला, "ते छप्पर नाही. नुसते पत्रे आहेत."

"जावयांना विचार, गावाकडे त्यांच्या घरावर काय आहे मग? सोनं?"

मुथियानी खो खो हसला. अपोंडीला हसू आलं नाही. सकाळपासून तिची इकडून तिकडे निरोप पोचवून दमछाक झाली होती, आणि कोणाचं बरोबर हेच तिला कळेनासं झालं होतं.

"मी आपली गावीच बरी," न्यार-आलेगोने पिशवी उचलली.

"आणि डायलिसिसला कोण नेणार? बकऱ्या?" अपोंडी ओरडली.

"आई, मरायचंय का तुम्हाला?"

हे ओडेरा बोलला. सरळ, तोंडावर. अपोंडीचा हात तोंडाकडे गेला. त्यात काय बिघडलं ते मुथियानीला समजलं नाही.

न्यार-आलेगोने मान वळवली नाही. "जावयांना सांग, मला मरायची भीती वाटते," ती हळू आवाजात म्हणाली. "फार वाटते. पण मी तुमच्याच छपराखाली झोपले आणि तुझ्या पोटातल्याला काही झालं, तर मी जगून काय करू?"

असं काही होत नसतं, असं अपोंडीला म्हणायचं होतं. ती नर्सिंग शिकली होती. पण हात आपोआप पोटावर गेला. तिला आईचा राग आला आणि भीतीही वाटली. कशाची, ते तिला सांगता आलं नसतं.

ओडेराने कोट काढून तिच्या हातात दिला. "पाना आहे का?" त्याने मुथियानीला विचारलं.

"बॉस, घर भाड्याने घ्यायचं असतं, मोडायचं नसतं! मालकाला काय सांगू?"

"सांग, नव्या भाडेकरणीला ऊन हवंय."

थोड्या वेळाने वरून ठोकाठोक ऐकू यायला लागली. गंजाचा भुगा खाली पडला. एक पत्रा निघाला, दुसरा निघाला. तिसरा निघाला तेव्हा दोन छपरांमधे आभाळाची पट्टी दिसली आणि बोळात ऊन आलं. तिघंही वर बघत राहिली. विजेच्या तारा, पाण्याचा पाइप, कपड्यांच्या दोऱ्या अजून या इमारतीतून त्या इमारतीत जात होत्या. ते चालणार की नाही, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

"झालं का आता वेगळं?" अपोंडीने विचारलं.

आई अजून वरच बघत होती.

"बॉस, पण हे परत कधी बसवायचे?" मुथियानी खालून ओरडला.

न्यार-आलेगो दोन पावलं पुढे होऊन उन्हात उभी राहिली. पिशवी तिने पुन्हा खाली ठेवली.

"जावयांना सांग," ती लेकीला म्हणाली, "पत्रे लांब कुठे टाकू नका म्हणावं. जवळच असू देत. माझ्यामागे परत बसवायला लागतील."

अपोंडीने मान वर केली. वर ओडेरा दोन्ही हातांत पत्रा धरून, खाली वाकून, ती काय सांगते याची वाट बघत होता.