शेजाऱ्याची माती

वेस्लीचा आयव्हन, आयव्हनचा मर्व्हिन आणि मर्व्हिनचा सेसिल. आयर्लंडच्या सरहद्दीवर, ब्रिटनच्या बाजूला, पिढ्यान्‌पिढ्या यांचे कुरण होते. ओढ्यापलीकडे, दुसऱ्या देशात, मॅलकीचे. त्या मुलखात कबर घरच्यांनी खणायची नसते, शेजाऱ्याने खणायची असते. मर्व्हिनची कबर मॅलकीने गोठलेल्या जमिनीत एकट्याने खणली होती.

पुढे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे का, यावर सार्वमत झाले. सेसिलने बाहेर पडण्याला मत दिले. साहेबलोक नकाशे घेऊन ओढ्यावर आले.

"इथे सरहद्दीचं फाटक बसणार का?" मॅलकीने विचारले.

"आराखडा अजून ठरायचा आहे."

"न ठरवताच मत मागितलंत?" मग तो सेसिलकडे वळला. "आणि तू रे शहाण्या, न विचारताच दिलंस?"

त्यानंतर दोघे बोलले नाहीत. फाटक मात्र कधी बसलेच नाही.

मॅलकी गेला, तेव्हा सेसिल फावडे घेऊन ओढा ओलांडून गेला. दारात मॅलकीची मुलगी उभी होती.

"काका, बाबा म्हणायचे, आधी त्याने यावं."

"मीही तेच म्हणत बसलो, पोरी."

संध्याकाळपर्यंत कबर खणून झाली. वडिलांच्या कबरीचे ऋण पुरते फिटले, आणि ओढा ओलांडायला सेसिलला आता काही कारण उरले नाही.