आई हसली की पास

आपल्या विनोदी मालिकेचा प्रत्येक भाग लिहून झाला की निर्माता तो आधी आईला वाचून दाखवायचा. आई हसली की शूटिंग, हा त्याने कंपनी काढली तेव्हापासूनचा शिरस्ता. हल्ली चॅनेलवाले मालिका गुंडाळायला निघाले होते. पण "माझी आई पोट धरून हसलीये, तुमचंच काहीतरी बिनसलंय," म्हणत तो सगळ्यांना उडवून लावायचा.

आज वाचताना मधलं पान सापडेना. त्याने गोंधळून वर बघितलं, तर आई खळखळून हसली.

"अगं, विनोद अजून आलाच नाही."

ती हसतच राहिली, तेव्हा त्याने कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

 

"मला कुठे ऐकू येतंय रे हल्ली," आई म्हणाली. "तू असा जीव मुठीत धरून माझ्याकडे बघितलंस, की हसते."